तीन मुठी मातीच्या कलमातली दुरुस्ती

मी, मुनाफ अब्बास मुकादम, वय एकाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणी डोक्यावर बसलेले नसताना, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गेल्या मंगळवारपासून ती गोंधळलेली आहे हे खरे; पण डॉ. समृद्धी ठाकूर यांनी तपासून सांगितले की गोंधळ म्हणजे वेड नव्हे, आणि तसे त्या खाली लिहून देणार आहेत. याआधीचा मसुदा रद्द समजावा—कलम पाच सोडून. ते का ठेवले आहे ते पुढे येईलच.

१. तिसऱ्या मजल्यावरची माझी सदनिका आणि बँकेतली ठेव मुलगा तौसीफ (मस्कतला असतो) आणि मुलगी आलिया (पनवेलमध्येच असते) यांना शरियतप्रमाणे मिळेल. त्यात मी लुडबुड करत नाही.

२. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत मर्जी चालवायची मुभा शरियत मला देते. त्यातून माझी सर्व पुस्तके, दोन लोखंडी कपाटांसह, नेरेच्या पलीकडे डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेला द्यावीत. तिथे मी एकवीस वर्षे शिकवले. कपाटे नेणाऱ्यांना आधी पोटभर जेवू घालावे, चढ भारी आहे.

३. पितळी पट्टी आलियाला. या पट्टीने मी मुलांना कधी मारले नाही (दोनदा मारले). तिचे काम रेघा मारणे. उताऱ्याखालच्या प्रश्नाचे उत्तर लिहायचे आणि ते ज्या ओळीत सापडले तिच्याखाली रेघ मारून दाखवायचे, ही माझी शिस्त. "सर, मला तसं वाटलं" असे म्हणणाऱ्याला मी खाली बसवत असे. वारसाला वेगळे काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते, म्हणून तौसीफला व्हॉट्सअॅपवर लांबलचक विचारले. "ओके" एवढेच आले. कशाला ओके, हे त्या मजकुरावरून सिद्ध होत नाही. तरी मी ती संमती धरतो.

४. सोसायटीचे सेक्रेटरी कुंदन यांना माझे व्याकरणाचे जाड पुस्तक. जिन्यातल्या सूचनांमध्ये ते कंस उघडतात आणि बंद करत नाहीत. आम्ही सगळे रहिवासी अजून त्यातच अडकलेलो आहोत.

५. (जुना मसुदा, जसाच्या तसा.) "दत्ता तुळशीराम भगत, राहणार रोडपाली, याने माझ्या दफनाला येऊ नये. आल्यास त्याला कबरीवर माती देऊ देऊ नये. कारण २००६ साली माझ्याविरुद्ध निनावी अर्ज करून त्याने मला भर शाळेत चौकशीला उभे केले आणि माझी बदली करवली."

६. दत्ता म्हणजे त्या वाडीवरच्या शाळेतला दुसरा शिक्षक. अकरा वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो. वरचे कलम घेऊन मी वकील प्राजक्ता यांच्याकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, "सर, आरोप एवढा सीरियस आहे, तर प्रूफ काय? तो अर्ज जोडा. नाहीतर उद्या भगत सरांची मुलं तौसीफला नोटीस पाठवतील."

पुरावा माझ्याकडे पक्का होता, असे मी धरून चाललो होतो. अर्ज टाइप केलेला, खाली "एक हितचिंतक". पण त्यातला प्रत्येक कंस वेळेवर उघडून वेळेवर बंद झालेला, आणि जोडरेघ व डॅश यांत कुठेही गल्लत नाही. आमच्या भागातल्या शाळांमध्ये हे जमणारे दोघेच, मी आणि दत्ता. मी लिहिला नव्हता. एवढ्या आधारावर मी एकोणीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका परत पाठवली.

७. मंगळवारी अर्जाची प्रत शोधून काढली आणि पट्टी घेऊन बसलो. कंसातला मजकूर गाळला तरी वाक्य उभे राहते, असे मी मुलांना शिकवत असे. चौकशीच्या दिवशी रागाच्या भरात मी तो गाळूनच वाचला असणार, कारण हे वाक्य अख्खे असे मी पहिल्यांदाच पाहिले: "मुकादम सर शाळेत वेळेवर पोहोचत नाहीत (तिसऱ्या मजल्यावर चढताना ते दोनदा बसतात आणि चपलेचा पट्टा नीट करतोय असे सांगतात)—त्यांना शहराजवळची शाळा द्यावी."

आमच्या शाळेला मजलाच नव्हता. तिसरा मजला माझ्या घराचा. आणि त्या जिन्यात पिशवी घेऊन माझ्यामागून चढणारे माणूस एकच होते, माझी बायको सायरा.

बदलीनंतर तीन महिन्यांत माझी बायपास झाली. त्या वाटेने आणखी वर्षभर चढला असतात तर वाचला नसतात, असे डॉक्टर म्हणाले होते. मी त्याला नशीब समजलो, आणि रोज जेवताना त्या अर्जदाराचा उद्धार करत राहिलो. सायरा म्हणायची, "अल्ला बगून घेईल. तुमी आदी जेवा." आणि भात वाढायची. तिला जाऊन चार वर्षे झाली. आता विचारू कोणाला? मला तिचा भयंकर राग आला आहे आणि तिची भयंकर आठवण येते आहे. दोन्ही एकदम कसे सोसावे ते कळत नाही.

घोळ इथेच संपत नाही. सायरा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकली. तिची मराठीतली किराणा यादी म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच लांब शब्द. मग हे कंस आणि डॅश आले कुठून? उताऱ्यात याचे उत्तर नाही. मला माहीत नाही. असे लिहायची सवय नसल्यामुळे पुन्हा लिहितो: मला माहीत नाही.

८. काल दत्ताला फोन केला. नंबर ओळखून तो म्हणाला, "कोन बोलतंय? मास्तर गेलं का?"

"मीच बोलतोय. मृत्युपत्राला साक्षीदार पाहिजे."

मग म्हणाला, "नुसती सही, का जेवन पन हाय?"

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे प्राजक्ता सांगतात. दत्ता वाचल्याशिवाय सही करणारा नव्हे. समोर बसून माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून इथेच मागतो. दत्ता, माझी चूक झाली.

९. सबब कलम पाच रद्द. त्याऐवजी असे वाचावे: माझ्या दफनाच्या वेळी तौसीफच्या पाठोपाठ दत्ता भगत याने तीन मुठी माती द्यावी. यायचे की नाही, हे त्याने ठरवावे. मला हक्क नाही.

ठिकाण: खांदा कॉलनी, नवीन पनवेल
दिनांक: २३ फेब्रुवारी २०२५

(सही) मुनाफ अब्बास मुकादम

साक्षीदार १: (सही) डॉ. समृद्धी ठाकूर. लिहून देणार पूर्ण शुद्धीत व समजत्या मनाने लिहीत आहेत. रक्तदाब थोडा वाढलेला.

साक्षीदार २: (सही) दत्ता तुळशीराम भगत, रोडपाली. वाचले. माती देईन, घाई नाही. अर्ज सायरावहिनींनी आमच्या ओटीवर बसून सांगितला. विरामचिन्हे घालून टाइप मी करून आणला. चपलेच्या पट्ट्याचे वाक्य काढा म्हणत होतो. वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे भाऊजी. ते वाचतील तवा त्यांना कलेल कोनी लिवलाय." तोवर तू विचारल्याशिवाय काही सांगायचे नाही, अशी शपथ घातली होती. तू विचारलेच नाहीस.