कुत्र्याच्या नावाची मूठ

माय, आबांनी कानबाई देवीच्या गव्हात कुत्र्याच्या नावाची मूठ टाकली आणि तिथून माझं सगळं फिरलं. तुला तर माहीतच आहे, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच संपवायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर नाहीतच. तू गेल्यापासून सुपात दोनच नावं पडायची, आबांचं आणि माझं. या श्रावणात आबा दुसऱ्या मुठीनंतर थांबले. खाटेखाली बसलेल्या माझ्या कुत्र्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हाऊ बी घरनाच शे ना आते? काढू त्यान्ही बी मूठ." मी कॉलेज सोडून घरी आल्यापासून आबा माझ्याशी नीट बोलले नव्हते. 'ताट घे', 'मोटार बंद कर', एवढंच. मी सूप पुढे सरकवलं आणि तिसरी मूठ त्यांनीच टाकली. एरवी मी असा सहज ऐकणारा नाही, हे तुला कोणी सांगायला नको.

हे कुत्रं आपल्या गावात शोभणारं नव्हतंच. मिनिएचर श्नॉझर म्हणतात त्याला. गुडघ्याएवढं, राखाडी, मोठ्या भुवया आणि म्हाताऱ्यासारखी दाढी. नाशिकला असताना एका मुलीनं आणि मी मिळून घेतलं होतं. मग तिनं मला नको म्हटलं. मी होस्टेलची काच फोडली, एकाचं नाक फोडलं आणि परीक्षेला न बसता निघून आलो. तिच्या घरी कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे राहिलं. ती दर रविवारी फोन करायची, फक्त त्याच्यासाठी. कानातले केस काढले का, दात घासले का, वजन वाढलं नाही ना. मी मुद्दाम एखादी गोष्ट अर्धवट सांगायचो, म्हणजे ती आणखी विचारेल.

तिनं सांगितलेलं मी सगळं केलं, माय. मी, ज्यानं कधी स्वतःची गादी आवरली नाही. खाऊन झालं की त्याची दाढी ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर वास मारते आणि खाली कातडी लाल होते. पायांवरचे केस रोज विंचरायचे, त्यात गोखरू अडकतात, गोचीड दडतात. उन्हाळ्यात मशिननं अंग बारीक करायचं आणि ओल्या गोणपाटावर झोपवायचं. भात, दुधी, कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, तेही मोजून. तूप, तेल, तळलेलं काही नाही. या जातीला चरबी पचत नाही, आतून पोट सुजतं. मी ओट्यावर बसून त्याला विंचरायला लागलो की पारावरून हाका यायच्या. "हाई बकरीनं पिल्लू शे का कुत्रं रे भो?" "पह्यले तुन्ही दाढी कर, मंग त्यान्ही!" आबा आतून म्हणायचे, "शिकाले धाडेल व्हता, न्हावी व्हईसन उना." तुपाचं मी त्यांना एकदा ओरडून सांगितलं होतं. ओरडून सांगितलेलं आपल्या घरात कोण ऐकतं?

आणि तूप तर तुझंच. मी रुसून ताट सरकवलं की तू आधी पाठीत धपाटा घालायचीस, मग भाकरीवर तुपाची धार धरायचीस. "खाई ले, अंगले लागी." शेवटी कावीळ झाली, तुला अंथरुणातून उठता येईना, तरी चुलीकडे बोट दाखवून आबांना विचारायचीस, पोराला तूप वाढलं का. तेव्हापासून आबांना माया करायची एवढी एकच रीत येते.

कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी मी माझा वाटा घाईत खाल्ला आणि शहाद्याला पेट्रोल पंपावर ड्युटीला गेलो. कुत्र्याच्या नावाचा रोट संध्याकाळी चिमूटभर त्याच्या तोंडाला लावू, बाकीचा मी खाईन, असं मनात ठरवलं होतं. आबांना बोललो नाही. ते नुकतेच बोलायला लागले होते ना. पण ज्याच्या नावाचा रोट त्यानंच खायचा, म्हणून आबांनी दिवसभर त्याला तो चारला. सोबत पुरण, दूध आणि वरून तूप. संध्याकाळी आलो तर आबा दारातच, चेहरा फुललेला. "ये, देख देख! कानबाईले पाया पडी ऱ्हायना. केवढं शहानं जनावर!" देव्हाऱ्यासमोर तो पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचं अंग वर करून उभा होता. शेजारच्या बायांनी हात जोडले होते.

तो पाया पडत नव्हता, माय. पोटात असह्य दुखलं की कुत्री अशी उभी राहतात. तिनंच मला मोबाईलवर चित्र दाखवलं होतं.

मी त्याला उचललं, आबांना मागे बसवलं आणि मोटरसायकलवर शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, उलट्या थांबेनात. "काय खाल्लं यानं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग अवघड आहे." घरी आणल्यावर तो चार दिवस कण्हत होता. काल सकाळी गेला. त्याच्या दाढीला उलटी लागली होती, ती मी पुसली. आबांनी स्वतः बांधावर खड्डा खणला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "देवीना पाया पडीसन गया. आसं मरण मानूसले बी भेटत नही."

आज रविवार. तिचा फोन आला. मी सांगितलं. ती रडली, मग एकदम कडक आवाजात म्हणाली, "तूप कोणी घातलं त्याला?" आबांचं नाव घेतलं असतं तर ती माझ्याजवळ रडली असती. कदाचित आलीही असती. मी म्हणालो, "मी." ती म्हणाली, "तू कधीच सुधारणार नाहीस. आता माझा फोन येणार नाही." आणि ठेवला.

यात माझा काही मोठेपणा समजू नकोस. दवाखान्यातून येताना आबा मागे बसले होते, कुत्रं त्यांच्या मांडीवर होतं, आणि माझ्या मनात आलं होतं, तुझ्याऐवजी आबा गेले असते तर. हे मी कोणालाच सांगू शकत नाही, आणि तुला पोहोचणार नाही म्हणूनच लिहिलं.

आबा ओट्यावरून हाक मारताहेत. "भो, खिचडी थंडी व्हई ऱ्हायनी. का मीच वाढी लेऊ?" कढईत तूप तापल्याचा वास आतपर्यंत आलाय. मी खाईन. हा कागद गादीखाली सरकवतो, बाहेर जातो आणि दार ओढून घेतो.