दुपारी चारची खबर

३ नोव्हेंबर, सोमवार
पोचले एकदाची पूर्णगडला! मला, लांज्याच्या या दर्शनाला, गावाची वेबसाइट सांभाळायची नोकरी लागली, हे आईला अजून खरं वाटत नाही. साइट अयूबचाचांची. बोटीवरची नोकरी संपवून आले आणि त्यांनी ती सुरू केली. गावातली निम्मी माणसं कुवेत-दोह्यात, म्हणून कुणाचं लग्न, कुणाची मयत, सगळी खबर तिच्यावर. मी राहणार त्यांच्याच घरी. बिल्किसचाचींनी आल्या आल्या तांदळाची भाकरी नि बांगड्याचं कालवण वाढलं. माझ्या हाडांवर मांस चढल्याशिवाय परत पाठवणार नाहीत म्हणे. आधी साइट त्यांचा पुतण्या अरीब बघायचा. तो आता दोह्याला असतो, असं चाचा म्हणाले.

४ नोव्हेंबर
पहिला धडा: पासवर्ड भिंतीला चिकटवायचा नाही. चाचांनी चिकटवला होता. दुसरा: रोज बॅकअप. तिसरा: मजकूर आधी लिहून त्याला वेळ लावून ठेवता येते, पण ती वेळ झाल्यावर कुणीतरी साइट उघडली तरच तो निघतो. लहान साइटवर कधी कधी तासभर अडकून बसतो.
वेळ लावलेले दोन मजकूर दिसले. पहिला रिक्षावाल्या गंगारामच्या निधनाचा. ६ तारीख, दुपारी चार, ‘पडवीत चहा पिताना’. लेखक: अरीब. कालच तर गंगारामने मला स्टँडवरून आणलं! ही कसली थट्टा? दुसरा उघडणार तेवढ्यात नेट गेलं.

६ नोव्हेंबर
पावणेचारला गंगाराम चाचांकडे आला. चाचींनी पडवीत चहा दिला. चार वाजून गेले, तो आपला मजेत गप्पा मारतोय. मला माझंच हसू आलं.
चार वीसला स्क्रीनवर दिसलं, कुवेतमधून कुणीतरी साइट उघडली. बाहेर कप फुटला.
मी धावले. तो गेला होता. परत आले तर खबर लागलेली.

७ नोव्हेंबर
दुसरा मजकूर उघडला. बिल्किसचाची. १४ तारीख, दुपारी चार, ‘कालवण ढवळताना’.
पुसला. पाच मिनिटांत परत. लेखक: अरीब.
अरीब कुठे असतो म्हणून चाचींना सहज विचारलं. मस्कतला, म्हणाल्या. चाचा दोहा म्हणाले होते. कोण खोटं बोलतंय? बहुतेक दोघंही.

९ नोव्हेंबर
जुन्या खबरा चाळल्या. जुलैमध्ये अरीबचीच मयत. लेखकही अरीबच.
चाचांना जाब विचारला. ते पायांकडे बघत म्हणाले,
“तुला सांगितलं असतं, तर तू आली असतीस का गो?”
चाचींच्या नावाचाही मजकूर लागलाय, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. आणि का सांगावं? रोज चारच्या सुमाराला चाचा मोबाइलवर साइट उघडतात. मी पाळत ठेवलीय.

१२ नोव्हेंबर
तारीख बदलली. पासवर्ड बदलला. मजकूर जागच्या जागी. हे चाचाच करतायत, हा संशय जात नाही — चाची मात्र माझ्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. माझा जीव जडलाय त्यांच्यावर. त्यांना काही होता कामा नये.

१३ नोव्हेंबर
सापडलं! कुणी उघडलीच नाही तर खबर निघणारच नाही. ‘दुरुस्ती चालू आहे’ असा फलक लावायचा. मग सांभाळणारा सोडून कुणालाच साइट दिसत नाही.

१४ नोव्हेंबर
३.४० — फलक लावला. चाचांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. ते घरभर शोधतायत. शोधू देत.
३.५० — आज कालवण नको म्हटलं, चाची ऐकेनात. तुझ्यासाठीच करतेय म्हणाल्या.
४.०५ — टोपात डाव फिरतोय. ऐकू येतंय.
४.१० — अजून फिरतोय. वाचल्या —
४.१२ — फलक नीट लागलाय ना, एवढंच बघायला साइट उघडली. अख्खी दिसली. मला दिसणारच, मीच सांभाळणारी — वर नवी खबर —
मी उघडली. मीच —
डावाचा आवाज नाही. हाक मारली. ओ नाही —
करपल्याचा वास ये