आई, हे डॉक्टरांना सांगा

आई,

तुमचा फोन घरीच चार्जिंगला आहे, म्हणून लिहून ठेवते. मी रिक्षाने चौकातल्या हॉस्पिटलात जाते आहे. आमोद ऑफिसात मीटिंगमध्ये आहे, फोन उचलत नाही.

मला दिवस गेले आहेत. सकाळपासून रक्त जातंय आणि ओटीपोटात उजवीकडे सारखं दुखतंय. चाचणी शनिवारीच पॉझिटिव्ह आली होती. पण लॅबमधली सवय, एका निकालावर विश्वास बसेना, म्हणून तीन दिवस रोज चाचणी करत बसले. शनिवारीच डॉक्टरांकडे जायला हवं होतं.

आणखी एक. ईरा वर्षाची झाल्यापासून मला कॉपर-टी बसवलेली आहे. तुम्ही दुसऱ्या बाळासाठी शतावरीचं दूध द्यायचात, ‘‘शास्त्रज्ञबाई, दूध तपासायचं नसतं, प्यायचं असतं’’ म्हणायचात, आणि मी मुकाट्याने प्यायचे. सांगायचा धीर झाला नाही.

कॉपर-टी असताना गर्भ राहिला तर तो कधी कधी गर्भाशयाबाहेर, नळीत असतो. नळी फुटली तर जिवावर बेततं. या हॉस्पिटलात माझी काहीच माहिती नाही. मला बोलता आलं नाही तर तुम्ही सांगा: कॉपर-टी आहे, सहावा आठवडा, रक्तगट ओ निगेटिव्ह.

ईरा साडेबाराला येईल. तिला शेजारी दीपमालाकडे ठेवा. वरण-भात कुकरमध्ये आहे.

रागवायचं ते नंतर रागवा. मला फार भीती वाटतेय. आमोदची वाट बघू नका, तुम्हीच या.

अपूर्वा