पिठावरची निवळी

मुलुंड कॉलनी,
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय कुंदामावशी,

नमस्कार. चिपळूणहून तू पाठवलेलं कोकमाचं आगळ पोचलं. आईचे गुडघे बरे आहेत. नको इतके बरे आहेत, तेच सांगायचंय. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र.

श्रेयसचा अजून पत्ता नाही. जुलैत खाणीतल्या तळ्याकाठी त्याची बाईक सापडली. तळ्यापलीकडे जंगल. पाणबुडे उतरवले, पण हाती काही लागलं नाही. तेव्हापासून आईचं एकच, माझा मुलगा जंगलात आहे. एकदा तिने डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही.

सर्वपित्रीला तिने त्याच्या खोलीत दिवा लावला, ताटात पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते पिठावर उमटतं म्हणतात ना, तसं. मी ओरडलेच, "अगं आई, हे मेलेल्या माणसासाठी करतात!"

"मग काही उमटणार नाही," ती म्हणाली.

सकाळी उमटलं होतं.

आईने ताट माझ्यापुढे सरकवलं. "कॉलेजात किडेच शिकवतेस ना? मग बोल, हे पाय कुठल्या किड्याचे? पाण्यातला असेल तर माझा श्रेयस तळ्यात आहे. रानातला असेल तर जंगलातून निरोप आलाय."

रानातला पतंग पिठात पडला तर पंखांचे फराटे उठतात, तपकिरी भुकटी सांडते. निवळी, म्हणजे तळ्यातला तो काटकुळा किडा, पाण्यावर चालते तशी चालली, तर लांब पायांचे चार खळगे, मध्ये काही नाही. अंग टेकतच नाही तिचं. ताटात चार खळगे होते आणि त्यांतलं पीठ ओलं होतं. चौथ्या मजल्यावर, झाकलेल्या टोपलीखाली!

मी म्हणाले, "पतंग."

मावशी, किती दिवसांनी हसली गं ती! पोटभर जेवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पीठ मी टाकून दिलं. पण आता रोज सकाळी फरशीवर तेच चार ओले ठिपके दिसतात. आधी त्याच्या खोलीत असायचे, मग पॅसेजमध्ये. काल आईच्या उशाशी होते. मी गपचूप पुसते.

आज आईच्या चपला ओल्या होत्या. पदराला शेवाळ लागलं होतं. "त्याला आणायला गेले होते," म्हणाली. "जंगलाची वाट तळ्याकाठूनच जाते ना."

दाराला कुलूप लावून किल्ली मी जवळ ठेवलीय. पण कॉलेजला तर जावंच लागतं.

तू ये, लगेच ये. आल्यावर तिला सांग की ऋता खोटं बोलली, ती निवळी होती. तिच्यासमोर माझ्या तोंडून निघत नाही.

तुझी, आणि श्रेयसची ताई होते ती,
ऋता