कार्याची पत्रिका

धरमपेठ, नागपूर
८ फेब्रुवारी १९७४

ती. मनोहरमामांना रवींद्रचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि मामींचा खोकला थांबला का, ते कळवा. मी धडधाकट आहे. माझं लग्न झालेलं नाही, हे मात्र आधीच सांगतो. बाबांची समजूत तशी झाली आहे आणि काटोलला जाऊन ती काढायचं काम तुम्हालाच करावं लागणार आहे. त्यांचं कार्ड आलं, त्यात "पत्रिका पोचली. बरे केलेस" एवढंच आहे. (ते ओरडतात तेव्हा मला इतकी भीती वाटत नाही.)

झालं असं. आमच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. दर गुरुवारी एकजण फळ्यासमोर उभा राहून निबंध वाचतो, बाकीचे चिवडा खातात, आणि वर्षातून एकदा सगळे अंबाझरीला सहलीला जाऊन तिथंही गुरुत्वाकर्षणावरच भांडतात. यंदा मी कार्यवाह आणि चारुशीला सहकार्यवाह. (हुशार मुलगी आहे. तिचे प्रयोग पहिल्याच वेळी जमतात.) वार्षिक व्याख्यान मराठीत ठेवावं, म्हणजे घरच्या मंडळींनाही कळेल, ही सूचना तिचीच. विषय ठरला 'कार्य', म्हणजे आमच्या पुस्तकातलं, बळ गुणिले अंतर. मी छापखान्यात चिठ्ठी दिली: "रविवारी सायंकाळी पाचला कार्य. निमंत्रक रवींद्र, चारुशीला. सोबतच्या पत्त्यांवर पत्रिका परस्पर टाकाव्यात."

छापखान्याचे मालक भैयाजी फार मायाळू. पोरगा लाजला म्हणून अर्धवट लिहिलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पदरचं 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' घातलं, 'निमंत्रक' गाळलं, वर गणपती बसवला. मुद्रित मी तपासलं नाही, कारण आम्ही दोघं प्रश्नमंजूषेचे प्रश्न काढत होतो. (रोज.)

रविवारी सभागृह भरलं. व्याख्यात्या सरांना गहिवरून आलं. पुढच्या रांगेत माझ्या घरमालकीण रंभाबाई, मांडीवर आहेराचा लेमन सेट (काचेचा जग आणि सहा पेले) घेऊन. सरांनी भिंत ढकलून दाखवली आणि म्हणाले, कितीही जोर लावा, भिंत हलली नाही तर कार्य झालंच नाही. रंभाबाई उठून माझ्याकडे वळल्या. "झालंच नाही, तं आमाले बोलावलं काहून गा? मी कवाची अक्षता घेऊन बसून राहिली."

मी मंचावर जाऊन खुलासा केला. तो कुणाला पटला नाही. चारुशीलेनं सरांसाठी आणलेला चिवडा चिमूट चिमूट सगळ्यांना वाटला आणि ती हसत सुटली. मला हसू आलं नाही. पत्रिका काटोलला सोमवारी पोचली. आपल्याला न विचारता पोरानं लग्न उरकलं, असं वाटून बाबा ओसरीवर गप्प बसले असतील, याचं मला फार वाईट वाटतं. मी लिहिलं तर त्यांना ती सारवासारव वाटेल. तुमचं ते ऐकतात, म्हणून एवढं कराच.

तुमचा भाचा,
रवींद्र

ता. क. लेमन सेट रंभाबाई परत घेत नाहीत. दिलेला आहेर घरी नेणं अशुभ म्हणतात. सध्या तो प्रयोगशाळेत आहे.

ता. क. २. पेटीत टाकण्याआधी हे पत्र चारुशीलेला वाचायला दिलं. तिनं दोन ठिकाणचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मजकुरात एक दुरुस्ती सुचवली, ती मला मान्य आहे. लग्न झालं नाही, एवढंच बाबांना सांगा. होणार नाही, असं सांगू नका.