कोलोसियमची लिफ्ट

अण्णा, तुमचं ते कोलोसियम पाहून आलो. डोकं अजून फिरलेलंच आहे, म्हणून सूटकेसही न उघडता इथे अमेरिकेत, चँडलर गावातल्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसलोय. इतकी वर्षं शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूंनी तुम्ही ते काढलंत. तुमच्याच वर्गात मी एकदा वहीत त्याची पडकी भिंत नीट बांधून काढली, तर सगळ्यांसमोर ओरडलात, "इतिहासाची डागडुजी करू नकोस!" पोरं आठवडाभर मला गवंडी म्हणत होती.

तर रोम. रणरणत्या उन्हात दीड तास रांग. शेजारी प्लॅस्टिकचं चिलखत घातलेला ग्लॅडिएटर सिगारेट ओढतोय. तुमची तेरा वर्षांची नात एक नजर टाकून म्हणते, "बाबा, इट्स ब्रोकन." मी तोंड उघडतो आणि आतून तुम्हीच बाहेर पडता: कमानी किती, खांब कुठल्या धाटणीचे, नीट बघ, पुन्हा दिसणार नाही! "यू साउंड लाइक आजोबा," ती म्हणते. चिडून मी जिन्याकडे वळतो. "पायऱ्या उंच आहेत, जपून चढ." "बट बाबा, देअर्स ॲन एलिव्हेटर." आणि खरंच, लिफ्टमधून तुमच्याच वयाचे एक आजोबा काठी टेकत, टोपी सावरत बाहेर येतात.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही याच टेबलाशी बसला होतात. सहा महिने राहून झाले होते, परतीची तयारी चाललेली. पोळीचा तुकडा मोडता मोडता विचारलंत, "जाताना रोमला दोन दिवस थांबता येईल का रे? वाटेतच आहे." मी लॅपटॉपमधून मानही वर केली नाही. "अण्णा, तिथे नुसत्या पायऱ्या आहेत. तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. बरं? पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोराचा डबा उघडून बघणारे मास्तर तुम्ही, आणि माझी सबब तेवढी न तपासता पास केलीत? वाद घालायचात, रुसायचात, काहीतरी करायचंत! भारतात परतल्यावर चार महिन्यांनी गेलात.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलोय, अण्णांची फार इच्छा होती हो, पण गुडघे. गवंडीकाम सुटलेलं नाही. पायऱ्यांची मी कुठे चौकशीही केली नव्हती. तुमच्यामागून दोन दिवस कमानी मोजत फिरायचा मला कंटाळा आला होता, एवढंच. हा कागद आता सूटकेसच्या खालच्या कप्प्यात जाईल. तुमच्या सुनेलाही मी आजवर गुडघेच सांगितलेत.