अनीकवे आजोबांचा खोकला

असाबा, मंगळवार

प्रिय पपा,

मी बरी आहे, वेळेवर जेवते.

तुम्ही वाचून दाखवायचात त्या कादंबरीतले अनीकवे आजोबा आज कॅमेऱ्यासमोर आले. तीच लाल टोपी, तीच वाकडी काठी! अंगावर काटा आला. मग त्यांनी पाहुण्यांसाठी कोलाची बी हातात घेतली आणि प्रार्थना चक्क इंग्रजीत सुरू केली.

"थांबा! माझे पपा पडदा फाडतील!" मी ओरडले.

दिग्दर्शक भडकला. "तू कपडे सांभाळ. नाहीतर इग्बो भाषेत म्हणून दाखव, नाही जमलं तर घरी जा."

आजोबा झालेले नट बिचारे लागोस शहरात वाढलेले, त्यांना इग्बो येईना. सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते. बाईने कोलावर प्रार्थना म्हणायची नसते, माहीत आहे मला. पण ही तर तुमचीच रोज सकाळची. बीला हात न लावता मी सगळी म्हटली. नटांनी ऐकून ऐकून उचलली आणि शॉट झाला.

रागावलात? आईकडून तरी कळवा. खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात का?

सिनेमा गावात आला की पुढे बसा. पूर्वजांना हाक मारण्याआधी आजोबा थांबून खोकतात. ते पुस्तकात नाही. मी शिकवलंय.

तुमचीच,
ओलाएडो